बिनरंगी पाण्याची ओळखपरेड



बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचे दिवस आले, की कर्जत-खोपोली लोकलमध्ये हातात जर्नल घेऊन पुटपुटणारी मुलं दिसू लागतात. "बेरियम क्लोराइड घातलं, पांढरा साका आला, आम्लात विरघळला नाही, म्हणजे सल्फेट..." परीक्षेत त्यांच्यासमोर चिमूटभर क्षार ठेवला जातो. त्यावर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. तो पाण्यात विरघळवायचा आणि त्यात काय काय आहे ते शोधून काढायचं. याला क्षारविश्लेषण म्हणतात. पुष्कळ मुलं ते पाढ्यांसारखं पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरून जातात.

मी कलाशाखेचा पदवीधर. कविता लिहितो. रसायनशास्त्राशी माझा शाळेतला संबंध दहावीला संपला. तरीही आज हा विषय घेतला, कारण मी ज्या दोन तालुक्यांत वावरतो त्या कर्जत-खालापूरच्या माणसाला ही विद्या परीक्षेपुरती ठेवून चालणार नाही असं मला वाटतं.

खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. लोणावळ्याकडच्या धरणांचं पाणी मोठ्या नळांतून घाट उतरतं, वीज देतं आणि पुढं पाताळगंगेला मिळतं. त्यामुळं ही नदी भर उन्हाळ्यातही वाहती असते. बारमाही पाणी, शिवाय मुंबई-पुण्याचा रस्ता आणि रेल्वे. साहजिकच कारखाने आले. १९६० साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, तिचा कारखाना खालापूर तालुक्यात उभा राहिला आणि त्या परिसराचं नावच 'रसायनी' पडलं. २०१७ साली केंद्र सरकारनं त्या कारखान्याचा बहुतेक भाग बंद करण्याचा निर्णय घेतला. नाव मात्र राहिलं. कारखान्यांनी आमच्या भागाला पोटापाण्याचा आधार दिला आणि त्याबरोबर पिण्याच्या पाण्याविषयी एक कायमची शंकाही दिली. पेल्यातलं पाणी काचेसारखं स्वच्छ आहे, पण त्यात काय विरघळलेलं आहे?

डोळ्यांना याचं उत्तर देता येत नाही. मिठाचं पाणी, सोड्याचं पाणी, नवसागराचं पाणी आणि साधं पाणी शेजारी शेजारी ठेवलं, तर चौघंही सारखेच दिसतात. मग त्यांना ओळखायचं कसं?

आधी 'क्षार' म्हणजे काय ते पाहू. हे लोक आपल्या ओळखीचेच आहेत. वाण्याच्या आणि काष्ठौषधीच्या दुकानात त्यांची बरणी असते. मीठ, सैंधव, पापडखार, धुण्याचा सोडा, तुरटी, टाकणखार, नवसागर, सोरा, निळाशार मोरचूद, हिरवट हिराकस. मला या नावांचं फार आकर्षण आहे. नवसागराला फारसी-उर्दूत नौशादर म्हणतात. 'अल्कली' हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडं आला, पण मुळात तो अरबी आहे. खारट जमिनीतल्या झुडपांची राख असा त्याचा अर्थ. आपला 'खार' आला संस्कृत 'क्षारा'पासून. देशोदेशीच्या माणसांनी या पांढऱ्या पुडींना नावं दिली, ती त्यांच्याशी रोजचा व्यवहार होता म्हणून.

प्रत्येक क्षार हा जोडीनं राहतो. एक भाग धनभारित, दुसरा ऋणभारित. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम आणि कार्बोनेट. नवसागर म्हणजे अमोनियम आणि क्लोराइड. माणसाचं नाव आणि आडनाव असावं तसंच हे. मीठ आणि नवसागर यांचं नाव वेगळं, आडनाव एक. पाण्यात पडल्यावर ही जोडी सुटते आणि दोन्ही भाग मोकळे फिरू लागतात. म्हणून अनोळखी द्रावणाला एकच प्रश्न विचारून भागत नाही. नाव वेगळं विचारावं लागतं, आडनाव वेगळं.

ही जोडी सुटताना आमच्या मोहल्ल्यात आम्ही लहानपणी रोज पाहत होतो, फक्त आम्हांला ते ठाऊक नव्हतं. कल्हईवाले तांब्या-पितळेचं भांडं भट्टीवर लाल तापवत आणि त्यात नवसागराची पूड टाकून कापसाच्या बोळ्यानं पुसत. भसकन पांढरा धूर उठे आणि नाकात झिणझिण्या येत. उष्णतेनं नवसागर फुटतो. त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू निघतात. हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचा मळ खातो, त्यामुळं कथील नीट बसतं. हवेत थंड झाले की दोन्ही वायू पुन्हा एकत्र येतात. तो पांढरा धूर म्हणजे पुन्हा जन्मलेला नवसागरच.

आता ओळखपरेड. आमच्या ओळखीचे रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत. आम्ही त्यांना सरच म्हणतो. ते गावोगावी जाऊन एक प्रयोग करून दाखवतात. टेबलावर पाच बाटल्या, त्यांवर अ, ब, क, ड, इ एवढंच लिहिलेलं. पाचही बिनरंगी. सर एवढंच सांगतात, की यांत मीठ, धुण्याचा सोडा, नवसागर, मॅग्नेशियम सल्फेट आणि नुसतं शुद्ध पाणी आहे. कोण कुठं आहे ते तुम्ही शोधा. कुणी तरी हमखास म्हणतं, "चाखून बघू या की!" सर तिथं कडक होतात. अनोळखी द्रावण चाखायचं नाही, हा पहिला नियम. मिठासारख्या दिसणाऱ्या काही क्षारांचा एक घोटसुद्धा जिवावर बेतू शकतो.

पहिला प्रश्न. प्रत्येक बाटलीतलं थोडं द्रावण वेगळ्या परीक्षानळीत घ्यायचं आणि त्यात विरळ आम्लाचे थेंब टाकायचे. घरी करायचं तर व्हिनेगरही चालतं. 'ब' मध्ये बुडबुडे येतात. तो वायू चुन्याच्या निवळीत सोडला तर निवळी दुधाळ होते. म्हणजे तो कार्बन डायऑक्साइड, आणि 'ब' कार्बोनेट. सोडा सापडला. दुसरी खूण हवी असेल तर हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद 'ब' मध्ये धरा, तो लाल होतो. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लालभडक होतो ना, तेच हे.

दुसरा प्रश्न. उरलेल्या चौघांच्या नव्या नमुन्यांत विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बेरियम क्लोराइड घालायचं. 'ड' मध्ये पांढरा साका बसतो. पुस्तकात याला अवक्षेप म्हणतात. बेरियम सल्फेट पाण्यात विरघळत नाही आणि आम्लातही विरघळत नाही. म्हणून 'ड' सल्फेट. इथं आम्ल कशाला, असं मुलं विचारतात. बेरियमचा पांढरा साका कार्बोनेटबरोबरही येतो, पण तो आम्लात फसफसून विरघळतो. आम्ल नसेल तर दोन वेगळ्या क्षारांना आपण एकच समजून बसू.

तिसरा प्रश्न. राहिलेल्या तिघांत विरळ नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब. 'अ' आणि 'क' मध्ये दह्यासारखा पांढरा साका येतो, अमोनियात तो विरघळून जातो. दोघांचं आडनाव क्लोराइड ठरलं. 'इ' मात्र जसंच्या तसं. इथं आम्ल नायट्रिकच का घ्यायचं, हे समजून घेण्यासारखं आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल घेतलं, तर त्यात क्लोराइड असतंच. मग शुद्ध पाण्याच्या नळीतही पांढरा साका येईल. आपणच टाकलेली वस्तू आपल्यालाच सापडेल आणि आपण ती द्रावणाच्या नावावर लिहू.

चौथा प्रश्न 'अ' आणि 'क' यांच्या नावाचा. दोघांत चुना घालून जरा कोमट करायचं. 'क' मधून झणझणीत वास येतो आणि नळीच्या तोंडाशी धरलेला ओला हळदीचा कागद लाल होतो. हा अमोनिया. 'क' नवसागर ठरला, 'अ' मीठ.

राहिलं 'इ'. तिन्ही प्रश्नांना त्यानं नाही म्हटलं. मग ते शुद्ध पाणी? या पाच बाटल्यांच्या खेळात, हो. कारण बाटल्यांत काय काय आहे याची यादी आपल्याला आधीच दिलेली होती. पण तीच बाटली रस्त्यात सापडली असती, तर एवढंच म्हणता आलं असतं, की हिच्यात कार्बोनेट, सल्फेट आणि क्लोराइड आढळलं नाही. नायट्रेट असू शकतं, साखर असू शकते, विषही असू शकतं. आपण त्यांच्याबद्दल विचारलंच नव्हतं. 'नाही' हे उत्तर, जेवढं विचारलं तेवढ्यापुरतंच असतं.

सरांची आणखी एक युक्ती मला फार आवडते. 'ब' म्हणजे सोडा हे एकदा कळलं, की तोच पुढच्यांना ओळखायला कामी येतो. सोड्याचं द्रावण 'ड' मध्ये ओतलं तर मॅग्नेशियम कार्बोनेटचा पांढरा साका मिळतो. बाहेरचं महागडं रसायन नसलं तरी ओळख पटलेली बाटली पुढच्या बाटलीची साक्षीदार होते.

हे सारं प्रयोगशाळेतलं झालं, पण चाचणीची कल्पना प्रयोगशाळेपेक्षा कितीतरी जुनी आहे. पहिल्या शतकातल्या प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय, की तांब्याच्या महाग रंगात भेसळ म्हणून स्वस्त हिराकस मिसळतात. ती पकडायला मायफळासारख्या फळगाठीच्या रसात भिजवलेला पपायरसचा कागद वापरावा; हिराकस असेल तर कागद काळा पडतो. आपल्या जुन्या पोथ्यांची काळी शाई हिरडा आणि हिराकस यांपासून करत, त्यातली क्रिया हीच. हिरड्यातलं टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग उमटतो. भीमाशंकरच्या रानातला हिरडा आमच्या कर्जतच्या माणसाला नवा नाही. बोअरच्या पाण्यात लोह जास्त असेल, तर त्या पाण्याचा चहा काळपट होतो. चहातही टॅनिन असतं. चहा बिघडला म्हणून सून बोलणी खाते, आणि खरं तर त्या पातेल्यात लोहाची चाचणी झालेली असते.

बागायतदारांनाही अशी एक चाचणी ठाऊक आहे. सुपारीवर, आंब्यावर बुरशीसाठी बोर्डो मिश्रण फवारतात. मोरचूद आणि चुना यांचं हे मिश्रण १८८५ च्या सुमारास फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांतून पुढं आलं. चुना कमी पडला तर मोकळं तांबं उरतं आणि पानं करपतात. म्हणून फवारण्याआधी मिश्रणात चकचकीत घासलेलं लोखंडी पातं थोडा वेळ बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालायचा. थर नाही, तर फवारा. द्रावणातल्या तांब्याची ही रासायनिक परीक्षाच. ती करणाऱ्याला बारावीचं जर्नल लागत नाही.

ज्योतीच्या रंगावरूनही काही धातू ओळखता येतात. मिठाचं पाणी गॅसवर उतू गेलं की ज्योत पिवळीधमक होते, ती सोडियममुळं. पोटॅशियम जांभळट, तांबं हिरवं. जर्मनीत बुन्सेन आणि किरखॉफ यांनी याच वाटेनं, ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहून, १८६० आणि १८६१ साली सिझियम आणि रुबिडियम ही नवी मूलद्रव्यं शोधली. पण यात एक गोम आहे. सोडियमचा पिवळा रंग इतका आक्रमक, की बोटांच्या घामातलं मीठसुद्धा तारेला लागलं तर पिवळी ज्योत दिसते आणि पोटॅशियमचा नाजूक जांभळा रंग तिच्यामागं दडतो. म्हणून निळ्या कोबाल्ट काचेतून पाहतात. काच पिवळा रंग अडवते, जांभळा दिसू देते.

आता एक उलटा नमुना. चाचणी खरी, पण तिचा अर्थ खोटा. पाणी शुद्ध करण्याचं यंत्र विकायला दारावर माणूस येतो. तुमच्या नळाचं पाणी एका पेल्यात, त्याच्या यंत्राचं पाणी दुसऱ्या पेल्यात. दोन्हींत तो धातूच्या कांड्या बुडवतो आणि वीज सोडतो. पाहता पाहता तुमचं पाणी तपकिरी, गढूळ, किळसवाणं होतं. त्याचं पाणी स्वच्छ राहतं. घरातली बाई घाबरते आणि हप्ता बांधून घेते. प्रत्यक्षात काय झालं? नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात, त्यामुळं त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडाची कांडीच झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. ती घाण पाण्यात नव्हती, कांडीतून आली. यंत्राच्या पाण्यातून क्षार काढून टाकलेले असतात, म्हणून वीज वाहत नाही आणि कांडी झिजत नाही. पुन्हा कुणी आलं, तर त्याच्या स्वच्छ पेल्यात आपल्या हातानं चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, "आता सोडा वीज." तोही पेला गढूळ होईल.

बारावीच्या जर्नलमध्ये तीन रकाने असतात. चाचणी, निरीक्षण, अनुमान. मला वाटतं, या विद्येचा प्राण त्या उभ्या रेघांत आहे. "पांढरा साका आला" हे निरीक्षण. "क्लोराइड असावं" हे अनुमान. आणि सुरुवातीला "असू शकतं" असंच लिहायचं असतं. दुसरी, खात्रीची चाचणी केल्यावरच "आहे" लिहायची परवानगी. विक्रेता आपल्याला निरीक्षण खरं दाखवतो आणि अनुमान आपल्या वतीनं स्वतः लिहून टाकतो. आपण मधली रेघ पाहिली नाही, की फसलो.

या रेघेची किंमत मी एका वाडीत पाहिली. खालापूर तालुक्यातली वाडी, नाव सांगत नाही. दोन विहिरी. खालच्या विहिरीच्या पाण्याला दोनेक वर्षांपासून मचूळ चव येऊ लागली होती. समुद्र इथून लांब, खाली काळा कातळ. अशा ठिकाणी पाणी खारटलं तर त्याला काही तरी कारण असतं. लोकांचं कारण ठरलेलं होतं: कारखान्याचं पाणी. निवेदनं लिहून झाली होती, एक-दोनदा बाचाबाचीही झाली होती. सर आपली पेटी घेऊन गेले, मीही बरोबर होतो. एक मावशी म्हणाल्या, "सर, आता तपासायचं काय राह्यलंय? कारखान्याचंच हाय ते." सर म्हणाले, "मावशी, असेलही. पण आधी पाण्याला विचारू."

दोन्ही विहिरींचं पाणी आणि सोबत आणलेलं शुद्ध पाणी अशा तीन नळ्या. सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर शुद्ध पाणी तसंच राहिलं, वरच्या विहिरीत हलकी दुधाळ छटा आली, खालच्या विहिरीत दाट साका. बेरियमच्या चाचणीत दोन्ही विहिरी सारख्याच, जेमतेम. मग नायट्रेटची चाचणी केली. खालच्या विहिरीच्या नळीत रंग गडद आला, वरच्या विहिरीत अगदी फिका. सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विहिरीच्या वरच्या अंगाला चालत गेले. तिथं जवळच दोन शौचालयांचे शोषखड्डे होते आणि पलीकडं शेणाचा उकिरडा.

क्लोराइड आणि नायट्रेट एकत्र वाढलेले दिसले, तर मलमूत्राचा निचरा विहिरीत येत असण्याची शंका आधी घ्यावी लागते. मूत्रात मीठही असतं आणि नत्रही. सरांनी मात्र अनुमानाच्या रकान्यात "शक्यता" एवढंच लिहिलं आणि नमुना सरकारी प्रयोगशाळेकडं पाठवायला लावला. नळीतला साका काय आहे ते सांगतो, किती आहे ते नेमकं सांगत नाही. पिण्याच्या पाण्याचं आपलं प्रमाण, म्हणजे भारतीय मानक १०५००, क्लोराइडला लिटरमागं २५० मिलिग्रॅमची मर्यादा घालतं. दुसरं पाणीच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतं. सल्फेटला २०० आणि नाइलाजानं ४००. नायट्रेटला ४५, आणि तिथं सवलत नाही. कारण जास्त नायट्रेट तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतं. बाळ निळसर पडू शकतं. आणि लक्षात ठेवा, पाणी उकळून नायट्रेट जात नाही. वाफ उडाल्यानं उलट ते दाट होतं. त्या वाडीत पावडरचं दूध घेणारी बाळं होती आणि त्यांच्या आया काळजीपोटी खालच्या विहिरीचं पाणी उकळून घेत होत्या.

अहवाल आला. नायट्रेट मर्यादेच्या वर होतं. बाळांसाठी वरच्या विहिरीचं पाणी आणायला त्याच दिवशी सुरुवात झाली. उकिरडा हलवला, शोषखड्ड्यांची जागा बदलायचं ग्रामपंचायतीनं ठरवलं. कुणाकुणाला हे उत्तर आवडलं नाही. कारखान्याविरुद्ध भांडायचं सोडून आमच्याच घरांकडं बोट दाखवता, असंही सरांना ऐकावं लागलं.

पण सरांनी कारखान्याला निर्दोष ठरवलं नव्हतं. हेही तितक्याच स्पष्टपणं सांगायला हवं. क्षारांच्या चाचण्या क्षारांबद्दलच बोलतात. कारखान्यांत वापरले जाणारे कितीतरी सेंद्रिय द्रव, रंग, द्रावकं सिल्व्हर नायट्रेटला दाद देत नाहीत. शिसं, पारा यांचा अतिसूक्ष्म अंश परीक्षानळीत दिसत नाही. त्यासाठी मोठी यंत्रं लागतात. रोगजंतूही या चाचण्यांत सापडत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी बाटली असते. तिच्यात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवलं आणि काळं पडलं तर धोका. म्हणून "पाणी तपासलं, चांगलं आहे" असं कुणी म्हणालं तर विचारावं, "कशासाठी तपासलं?" नदीत मासे मेले, पाण्याला भलता वास आला, तर जर्नल बाजूला ठेवून लगेच तक्रार करावी आणि नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जावा असा आग्रह धरावा.

आपल्या गावांत एक चाचणी मात्र रुळलेली आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो आणि नंतर नळाच्या पाण्यात 'ओटी'चे थेंब टाकून पाहतो. पिवळी छटा आली तर पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे. काहीच रंग नाही, तर टीसीएल कमी पडलं किंवा वाटेत कुठं तरी घाण मिसळते आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं शिक्षण द्यायचं ठरलं. त्यांच्या हातात तपासणी संच दिले गेले. त्यात क्लोराइड, नायट्रेट, लोह, कठीणपणा अशा चाचण्या असतात. थेंब टाकायचे, रंग पाहायचा, शेजारच्या पट्टीशी ताडून आकडा लिहायचा. प्रयोगशाळेतली ओळखपरेड आता गावच्या पाणवठ्यावर आली आहे.

अडचण असते ती वहीची. संच कपाटात राहतो, रसायनांची मुदत संपते, आणि वहीत मागच्या महिन्याचाच आकडा पुन्हा लिहिला जातो. चाचणीतली रसायनं शिळी झाली की ती सगळ्याच पाण्याला "नाही" म्हणू लागतात, आणि आपण समजतो पाणी शुद्ध आहे. म्हणून तपासणाऱ्यानं दर वेळी एक नळी ज्यात तो पदार्थ आहे हे नक्की माहीत आहे अशा पाण्याची आणि एक शुद्ध पाण्याची घ्यावी. पहिलीनं हो म्हणायला हवं, दुसरीनं नाही. मगच तिसऱ्या नळीवर, म्हणजे आपल्या विहिरीच्या पाण्यावर, विश्वास ठेवावा.

आमच्या दोन तालुक्यांत पाऊस उदंड पडतो आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर हंडे घेऊन बायका चालतात. तळाला गेलेल्या विहिरीत पाणी कमी आणि क्षार दाट असतात. म्हणून पाणी वर्षातून दोनदा तरी तपासावं, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर. आकड्याशेजारी तारीख आणि विहिरीचं नाव लिहावं. तुमच्या गावात हे काम एखादी ताई करत असेल, तर तिला भेटा. तिच्या वहीत शेवटचा आकडा कधीचा आहे ते विचारा, आणि पुढच्या वेळी ती थेंब टाकत असताना शेजारी उभे राहा.